ग्रेड एकचा दोन: फॅटी लिव्हरच्या दोन सोनोग्राफी आणि मधली तीन वर्षं

पार्श्वभूमी

रुग्ण ५२ वर्षांच्या बाई. बैठं काम, सहा वर्षांपासून मधुमेह, रक्तदाबाची एक गोळी चालू, दारू कधीच नाही. वजन ७८ किलो, उंची १५८ सेंमी, म्हणजे बीएमआय ३१ च्या थोडा वर. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तीन वर्षांपूर्वी पोटात उजवीकडे दुखतं म्हणून पित्ताशयात खडे आहेत का ते बघायला त्यांची सोनोग्राफी झाली होती. खडे नव्हते. ती सोनोग्राफी मी केली होती आणि रिपोर्टवर सहीही माझीच. यकृताबद्दल त्यात एकच ओळ होती: यकृत किंचित मोठं, चकाकी वाढलेली, ग्रेड १ फॅटी लिव्हर. पाठवणाऱ्या डॉक्टरांचा प्रश्न खड्यांचा होता, मी खड्यांचं उत्तर दिलं आणि पुढच्या रुग्णाकडे वळलो. जाताना बाईंनी विचारलं तेव्हा मी म्हणालो, "काळजीचं काही नाही, वजन थोडं कमी करा." हे वाक्य सोनोग्राफीच्या खोलीत दिवसातून किती वेळा निघतं याची मोजदाद कोणी ठेवत नाही.

अडचण

तीन वर्षांनी दुसरीकडे वार्षिक तपासणीत पुन्हा सोनोग्राफी झाली. रिपोर्टमध्ये दोन गोष्टी होत्या. एक, ग्रेड २ फॅटी लिव्हर. दोन, पित्ताशयाला लागून यकृतात २४ × १८ मिमीचा काळपट भाग, गाठ नाकारता येत नाही, सीटी स्कॅन करावा.

बाई दोन्ही रिपोर्ट फाइलमध्ये घालून माझ्याकडे आल्या. बोलण्यात राग नव्हता, पण सूर सरळ होता. "डॉक्टर, एक होता तेव्हा तुम्ही काळजीचं काही नाही म्हणालात. आता दोन झाला आणि गाठही आली. मधे काय राहून गेलं?"

त्यांच्या डोक्यात चित्र असं होतं: ग्रेड एक म्हणजे आजाराची पहिली पायरी, दोन म्हणजे दुसरी, तीन म्हणजे शेवट. 'ग्रेड' आणि 'स्टेज' हे शब्द लोक सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात, आणि शेजारी 'गाठ' असेल तर अर्थ एकाच दिशेने जातो. चूक त्यांची नाही. ग्रेड म्हणजे नेमकं काय, हे आम्ही रिपोर्टमध्ये कुठेच लिहीत नाही.

सोनोग्राफीतला ग्रेड नेमका कशाचा

पोटावर फिरवायच्या प्रोबमधून गेलेला आवाज यकृतातून परत येतो त्याचं चित्र होतं. पेशींत चरबीचे थेंब साचले की आवाज जागोजागी विखुरतो. जास्त आवाज परत आल्यामुळे यकृत उजळ दिसतं आणि खोलवर कमी पोचल्यामुळे मागचा भाग अंधारा होतो. ग्रेड याच दोन गोष्टींवर ठरतो. यकृत उजळ आहे, पण शिरांच्या भिंती आणि मागचा श्वासपटल नीट दिसतो, तर एक. पोर्टल शिरेच्या (आतड्याकडून यकृतात रक्त आणणाऱ्या शिरेच्या) भिंतींची पांढरी रेघ आजूबाजूच्या उजेडात बुडाली, श्वासपटल धूसर झाला, तर दोन. शिरा आणि श्वासपटल दिसेनासेच झाले, यकृताचा मागचा भाग काळोखात गेला, तर तीन.

उजळ म्हणजे कशाच्या तुलनेत? उजव्या मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थराच्या. निरोगी माणसात दोघांची छटा जवळपास सारखी, किंवा यकृत किंचित उजळ. फरक ठळक झाला की चरबी. पण ही तुलना डोळ्यांनी होते, आणि मशीनवर गेनचं, म्हणजे सगळं चित्र उजळ-मंद करण्याचं, बटण आणि खोलीनुसार आवाज वाढवणाऱ्या टीजीसीच्या पट्ट्या असतात. त्या जरा सरकवल्या की यकृताचा रंग बदलतो. मधुमेहामुळे मूत्रपिंडालाच इजा झाली असेल तर तेही उजळ होतं, आणि मग शेजारचं यकृत निर्दोष भासतं.

व्याख्येनुसार ५ टक्के पेशींत चरबी दिसली तरी ते फॅटी लिव्हर. साध्या सोनोग्राफीत मात्र ते भरवशाने कळायला चरबी २० ते ३० टक्के पेशींपर्यंत पोचावी लागते. त्या पातळीच्या पुढे सोनोग्राफी चांगलं काम करते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एकत्रित विश्लेषणात तिची संवेदनशीलता (चरबी असलेल्यांना पकडणं) ८५ टक्क्यांच्या आसपास आणि विशिष्टता (चरबी नसलेल्यांना बरोबर वगळणं) ९४ टक्क्यांच्या आसपास आली होती. त्याखालच्या चरबीबाबत 'यकृत नॉर्मल' या शब्दांवर फार विसंबू नये.

आणि चरबीच्या या सगळ्या हिशोबात फायब्रोसिस, म्हणजे यकृतात साचत जाणारे व्रणाचे तंतू, कुठेच येत नाहीत. यकृताच्या आजारात रुग्णाचं पुढे काय होणार हे सगळ्यात जास्त फायब्रोसिसवर ठरतं. ग्रेड तीनच्या यकृतात तंतू नसू शकतात आणि ग्रेड एकच्या यकृतात भरपूर असू शकतात. तंतूंनी यकृत आक्रसतं तो सिरोसिस पुढे गेल्यावर तर चरबी उलट ओसरते आणि ग्रेड 'सुधारतो'.

(२०२३ मध्ये या आजाराचं नाव बदललं. चयापचयाशी नातं दाखवणारं लांबलचक नाव आलं आणि त्याचं 'मॅसल्ड' झालं. रुग्ण फॅटी लिव्हर म्हणतात. मीही इथे तेच म्हणतो.)

पहिला निर्णय: काळ्या भागाचं काय करायचं

समोर चार वाटा होत्या. रिपोर्टमध्ये सुचवल्याप्रमाणे लगेच सीटी. थेट एमआरआय. तीन महिने थांबून पुन्हा सोनोग्राफी. किंवा आधी मी स्वतः प्रोब ठेवून बघायचं आणि मग ठरवायचं. थांबण्याची वाट बाईंच्या चेहऱ्याकडे बघूनच रद्द केली. तीन महिने झोप लागली नसती. सीटी वाईट नाही, पण किरणोत्सर्ग, शिरेतून देण्याचं औषध, आणि चरबीने भरलेल्या यकृतात सीटीतही घोळ होऊ शकतो.

मी दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी बोलावलं. पहिला रिपोर्ट माझा असल्यामुळे एक भीती होती: आपण तेव्हा काही चुकवलं नव्हतं हे सिद्ध करायच्या नादात माणूस हवं ते बघतो. म्हणून सहकाऱ्याला शेजारी उभं केलं.

डाव्या कुशीवर वळवून, खोल श्वास घेऊन धरायला सांगून, फासळ्यांच्या मधून प्रोब ठेवला. काळा भाग होता, त्यात वाद नव्हता. पण त्याचा आकार गाठीसारखा गोल नव्हता. पित्ताशयाच्या कडेने पसरलेला, नकाशातल्या बेटासारखा कोनाकोनांचा. कडेला वलय नाही, पित्ताशयाच्या भिंतीला दाब नाही. आणि ज्यावर निर्णय झाला ती गोष्ट: वाहतं रक्त रंगात दाखवणारा कलर डॉप्लर लावल्यावर एक बारीक शीर त्या भागातून सरळ आरपार जाताना दिसली, वळसा न घेता, कुठे चिमटा न बसता. गाठ असती तर शीर बाजूला ढकलली गेली असती.

ही चरबी न बसलेली जागा होती. पित्ताशयाभोवतीच्या यकृताला कधी कधी वेगळ्या शिरेतून रक्त येतं, आतड्याकडून येणारा इन्सुलिन आणि चरबीचा मारा तिथे कमी पोचतो, म्हणून तेवढा तुकडा जवळपास निरोगी राहतो. आजूबाजूचं यकृत उजळल्यामुळे तो काळा दिसतो. नवा डॉक्टर इथे फसतो, जुनाही फसतो. खोली घाईत असेल तर दोघंही.

तरी तिथेच थांबलो नाही. मधुमेह आहे, यकृतात तंतू किती आहेत ते अजून माहीत नाही, आणि तंतू जास्त असतील तर यकृताच्या कॅन्सरची शक्यता शून्य धरता येत नाही. म्हणून सीटीऐवजी एमआरआय सुचवला. त्यात पाणी आणि चरबी यांचे संकेत एकमेकांविरुद्ध जातात तेव्हाचं एक चित्र घेतात. चरबी असलेलं यकृत त्यात काळवंडतं. बाईंचं तसंच झालं, आणि सोनोग्राफीत काळा असलेला तुकडा इथे उजळ राहिला. चरबीचं मोजमापही मिळालं: यकृतात १७ टक्के, त्या तुकड्यात ४. गाठीचा विषय संपला.

दुसरा निर्णय: ग्रेड खरंच वाढला का

गाठ नाही म्हटल्यावर फाइल बंद करणं सोपं होतं. बाईंचा दुसरा प्रश्न मात्र उरला होता, एकचा दोन कसा झाला. तीन वर्षांपूर्वीची चित्रं साठवलेली होती. रिपोर्ट झाकून जुनी आणि नवी दोन्ही चित्रं सहकाऱ्याला दिली आणि ग्रेड विचारला. त्याने दोन्हींना दोन दिला.

मी जुनं चित्र पुन्हा उघडलं. कडेला टीजीसीची बारीक रेघ छापलेली असते. ती खाली जाता जाता उजवीकडे पार ओढलेली होती, म्हणजे खोलवरचा क्षीण आवाज मी मशीनने वाढवून घेतला होता. म्हणून श्वासपटल स्वच्छ दिसत होता, आणि म्हणून तो ग्रेड एक वाटला. शिवाय यकृत आणि मूत्रपिंड एका चौकटीत, एका खोलीवर घेतलेलं चित्रच नव्हतं. दोन वेगळी चित्रं होती, वेगवेगळ्या गेनवर. खडे शोधायला ते पुरेसं होतं, चरबीची प्रत लावायला नाही.

म्हणजे ज्या वाढीने बाई घाबरल्या ती बहुधा झालीच नव्हती.

मग रक्ताचे जुने-नवे रिपोर्ट शेजारी ठेवले, त्यात एसजीओटी आणि एसजीपीटी ही यकृताची एन्झाइम्स. तीन वर्षांपूर्वी एसजीओटी ३४, एसजीपीटी ४२, प्लेटलेट २ लाख २१ हजार. आता एसजीओटी ४१, एसजीपीटी ३८, प्लेटलेट १ लाख ७८ हजार. आताच्या कागदावर एसजीओटीच्या पुढे एक बारीक तारा, बाकी सगळं मर्यादेत. एसजीपीटी तर उतरलेलं, आणि तपासणी केंद्रात त्यांना 'लिव्हर सुधारलंय' असं सांगितलंही होतं.

याच आकड्यांतून फिब-४, म्हणजे फायब्रोसिसचा अंदाज देणारा आकडा, काढता येतो. वय गुणिले एसजीओटी, आणि या सगळ्याला भागायचं प्लेटलेट (हजारांत) आणि एसजीपीटीचं वर्गमूळ यांच्या गुणाकाराने. मोबाइलवर अर्ध्या मिनिटाचं काम. तेव्हाचा फिब-४ येतो १.१६. आताचा १.९४. १.३ च्या खाली असेल तर मोठ्या फायब्रोसिसची शक्यता कमी, २.६७ च्या वर असेल तर बरीच, मधे असेल तर पुढची तपासणी हवी. वय वाढलं म्हणून आकडा थोडा वाढणारच, पण तीन वर्षांच्या वयाने एवढा फरक पडत नाही. प्लेटलेट घसरल्या होत्या आणि एसजीओटी एसजीपीटीच्या वर गेलं होतं. तंतू वाढत असताना हे उलटणं दिसतं. बदल झाला होता तो इथे, आणि तो दोन्ही सोनोग्राफींपैकी एकीतही नव्हता.

तिसरा निर्णय: यकृत किती कडक झालंय

पुढची पायरी इलास्टोग्राफी, रुग्णांच्या भाषेत फायब्रोस्कॅन. बरगड्यांवर हलका टिचका मारतात, त्याची लहर यकृतातून किती वेगाने जाते ते मोजतात. कडक यकृतात लहर जोरात जाते.

इथे एक गडबड झाली. पहिल्या वेळी आकडा आला १३.१ किलोपास्कल. १२ च्या वर म्हणजे मोठ्या फायब्रोसिसचा संशय बळकट, आणि बायॉप्सीची, म्हणजे सुईने यकृताचा तुकडा काढून तपासण्याची, भाषा सुरू होण्याइतका. तंत्रज्ञाने सहज विचारलं तेव्हा कळलं की बाई तासाभरापूर्वी पोटभर जेवून आल्या होत्या. ही साधी सोनोग्राफी नाही, तर उपाशी कशाला, असं त्यांना वाटलं होतं, आणि अपॉइंटमेंट देताना आमच्याकडून कोणी सांगितलंही नव्हतं. जेवणानंतर यकृताकडचा रक्तपुरवठा वाढतो आणि कडकपणाचा आकडा खोटा चढतो. निदान तीन तास पोट रिकामं लागतं. चार दिवसांनी उपाशीपोटी, जाड अंगासाठीचा एक्सएल प्रोब लावून पुन्हा केलं. दहा मोजमापं नीट आली, त्यांच्यातला फरकही मर्यादेत. मधला आकडा १०.४.

८ च्या खाली असतं तर निश्चिंत. ८ ते १२ हा करडा पट्टा. आता प्रकरण माझ्या हातातलं उरलं नव्हतं, यकृततज्ज्ञांकडे पाठवलं.

त्यांनी आधी दुसरी कारणं तपासली. हिपॅटायटिस बी आणि सी निगेटिव्ह, शरीरात लोह जास्त नाही, स्टिरॉइड, मेथोट्रेक्सेट, टॅमॉक्सिफेन, अमिओडॅरोन या यकृतावर परिणाम करणाऱ्या औषधांपैकी काही चालू नाही. मग प्रश्न बायॉप्सीचा. बाजूने मुद्दा हा की तंतू नेमके किती आणि दाह किती, हे तिथेच कळतं. विरुद्ध मुद्दा असा की सुई यकृताच्या अगदी छोट्या तुकड्यावर निकाल देते, रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, आणि निकाल काहीही आला तरी पहिला उपचार तोच राहणार होता: वजन. त्यांनी वर्षभर नेटाने उपचार करून पुन्हा मोजायचं ठरवलं. मला स्वतःला बायॉप्सी करावीशी वाटत होती. १३.१ हा आकडा खोटा आहे हे माहीत असूनही मनातून जात नव्हता.

उपचार

मधुमेहाचं औषध बदलून जीएलपी-१ गटातलं, साखरेबरोबर वजनही उतरवणारं इंजेक्शन सुरू झालं, आहारतज्ज्ञ जोडून दिल्या, रोजचं चालणं ठरलं. बाईंना टक्क्यांत समजावलं: वजन ५ टक्के उतरलं की चरबी घटायला लागते, ७ ते १० टक्क्यांवर दाह शमतो, १० टक्के आणि पुढे तंतूही मागे हटण्याची शक्यता. ७८ किलोंत १० टक्के म्हणजे ७.८ किलो. त्यांनी तो आकडा फाइलच्या मुखपृष्ठावर पेनाने लिहिला. ग्रेड एक-दोनने जे झालं नव्हतं ते या आकड्याने झालं.

परिणाम

चौदा महिन्यांनी वजन ७०.५ किलो, म्हणजे साडेनऊ टक्क्यांहून थोडी जास्त घट. उपाशीपोटी इलास्टोग्राफी ७.६ किलोपास्कल. त्याच यंत्रावरचा चरबीचा आकडा, सीएपी, ३१२ वरून २५१. एसजीओटी २९, एसजीपीटी २७, प्लेटलेट १ लाख ८६ हजार. वय ५३ धरून फिब-४ येतो १.५९, अजूनही १.३ च्या वरच. कडकपणा उतरला यातला किती भाग दाह कमी झाल्याचा आणि किती तंतूंचा, हे या आकड्यांवरून वेगळं काढता येत नाही. यकृततज्ज्ञांनी पाठपुरावा सोडलेला नाही.

सोनोग्राफी मीच केली, या वेळी ठरवून: मशीनची एकच ठरलेली मांडणी (प्रीसेट), टीजीसीच्या पट्ट्या मधोमध, यकृत आणि मूत्रपिंड एका चौकटीत एका खोलीवर. डावीकडे प्लीहा आणि मूत्रपिंडाची तुलनाही घेतली, म्हणजे मूत्रपिंड स्वतःच उजळ नाही ना याची खात्री झाली. यकृत अजून थोडं उजळ, ग्रेड १. पित्ताशयाजवळचा काळा तुकडा शोधावा लागला, जेमतेम एक छाया उरली होती. बाई पडद्याकडे बघत म्हणाल्या, "डाग गेला की." डाग कुठे गेला नव्हता, आजूबाजूचा उजेड ओसरला होता. मी ते समजावलं, आणि त्या हसल्या, बहुधा माझ्या समाधानासाठी.

वेगळं काय करता आलं असतं

तीन वर्षांपूर्वी फिब-४ काढला असता तर तो १.१६ आला असता, आणि उपचार बहुधा बदलले नसते. त्या दिवशी आजार माझ्या नजरेतून सुटला, असं मला म्हणता येत नाही. पण मधुमेह असलेल्या रुग्णात हा आकडा वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा काढायचा असतो. पहिला आकडा कागदावर असता तर दुसरा कोणीतरी मागितला असता. मी जी ओळ लिहिली तिने प्रश्न उघडण्याऐवजी मिटवला.

आता मी फक्त ग्रेड लिहून सोडत नाही. यकृताचा पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, प्लीहा वाढली आहे का, पोर्टल शीर कशी आहे, हे लिहितो, आणि खाली एक वाक्य: चरबीच्या ग्रेडवरून फायब्रोसिस कळत नाही, फिब-४ काढावा. पाठवणाऱ्या एका डॉक्टरांनी फोन करून विचारलं, हे तुमचं काम आहे का. कदाचित नसेल. पण बाईंच्या फाइलमध्ये तीन वर्षं माझाच कागद सगळ्यात वर होता.

तुलनेचं चित्र साठवल्याशिवाय ग्रेड द्यायचा नाही, हा नियम केला आहे. गर्दीच्या दिवशी तो मोडतो, अजूनही.

दुसऱ्या केंद्राच्या रिपोर्टबद्दल मला तक्रार नाही. 'गाठ नाकारता येत नाही' हे लिहिणाऱ्याने सावधपणे लिहिलं. पण शिरेबद्दल एक शब्द असता, ती ढकलली गेली आहे की सरळ जाते आहे, तर बाईंची एक रात्र वाचली असती.

बायॉप्सीबद्दल यकृततज्ज्ञांचं आणि माझं अजून एकमत नाही. ते म्हणतात, ७.६ बघ. मी म्हणतो, सुरुवात कुठून झाली होती ते आपल्याला कधीच नीट कळलं नाही. पुढची इलास्टोग्राफी सहा महिन्यांनी आहे. अपॉइंटमेंटच्या चिठ्ठीवर आता ठळक अक्षरांत छापलेलं असतं: तीन तास आधी काही खाऊ नये.